झीज

केबल एकदम झिजत नाही.
आधी एक तार उसवते, मग तिच्या शेजारची,
टोकाला रंगाच्या जुन्या ब्रशासारखा पिंजारा होतो
आणि गिऱ्हाइकाला चार दिवस आधीच
लिव्हर मऊ लागायला लागतो.
सव्वीस वर्षं हेच बघतोय मी,
दस्तगीर मुलाणी, कवठेमहांकाळ,
स्टँडच्या मागं, टायरवाल्याला लागून.

भूपाल मगदूमच्या गाडीची केबल
टोकाला सपाट होती.
सगळ्या तारा एका रेषेत,
वहीच्या कडा कापाव्यात तशा.
आणि मागच्या ब्रेकच्या रॉडचा नट
नव्हताच.

गाडी टेम्पोतनं आणली. हवालदारानं मांडीवर वही घेतली,
म्हणाला, मिस्त्री, झिजलेली होती ना?
जुनी गाडी. वापर लई.
रस्त्यावर एक पांढरी गाडी उभी, काच अर्धी खाली,
आत कुणीतरी शेंगा फोडत होतं,
टरफलं माझ्या दारात पडत होती.
मी म्हणालो, झिजलेली होती.
सही केली.
हात धुवायला गेलो तर ग्रीस निघेना.
रॉकेल संपलं होतं, म्हणून असेल.

पेपर त्याला बातमीमागं काय द्यायचा, ठाऊक नाही.
माझी उधारी तो जाहिरात मिळाली की भागवायचा.
एकदा वाढदिवसाच्या शुभेच्छांची मिळाली,
ज्याच्या मागं लागला होता त्याच पुढाऱ्याची.
नोट देताना हसला,
"त्याच्याच पैशानं त्याच्या मागं. घे."

माझा तीस मीटरचा टेप त्यानंच नेलेला.
कशाला रे?
तळी मोजायचीत.
एका गावात एक्केचाळीस शेततळी,
अस्तराच्या प्लास्टिकसकट बिलं निघालेली,
हा गट नंबर घेऊन उन्हातनं हिंडला.
एका तळ्यात शाळू उभा, कमरेएवढा.
एका तळ्यात पोरांनी क्रिकेटची पट्टी आखलेली.
एका तळ्याचा मालक वारून नऊ वर्षं झालेली,
सही मात्र ताजी.
"खोली तीन मीटर लिवलीय, दस्तगीरभाई,
टेप सोडायला खड्डा तरी पायजे की!"

चौथा भाग गुरुवारी छापून आला.
शनिवारी रात्री दंडोबाच्या उताराला
त्यानं ब्रेक दाबला.
खाली वळण, वळणावर खडीचा ढीग,
काम कधीचं बंद पडलेल्या रस्त्याचा.

मेला नाही.
गावात दोन दिवस मेला म्हणूनच चाललं होतं,
एकानं तर श्रद्धांजलीच्या फलकाचं मापही देऊन ठेवलेलं.
मिरजेला मांडीत सळई घातली.
पेपरात आलं, आमचे वार्ताहर अपघातात जखमी.
अपघात हा शब्द
मला माझ्या सहीसारखाच दिसला.
पाचवा भाग आला नाही.

आज आला.
पोरगी स्कूटरवरनं सोडून गेली.
कुबडी भिंतीला लावली, स्टुलावर बसला,
पिशवीतनं टेप काढून माझ्यापुढं ठेवला.
"अकरा मीटरला तुटलाय. भरून देतो."
राहू दे, म्हणालो.
वाटलं, आता विचारेल.
त्यानं गाडीकडं बघितलंच नाही.
माझ्याकडं बघितलं,
मग माझ्या इलाहीकडं,
तो पाटीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.
बराच वेळ बघत राहिला.
"नवी टाक," म्हणाला,
"आणि नट दोन लाव. एकावर एक."

लावले.
पैसे घेतले नाहीत, त्यानंही आग्रह केला नाही.

जुनी केबल डब्यात होती एवढे दिवस,
गंजू नये म्हणून तेलात.
तो लघवीला गेला तेवढ्यात
त्याच्याच चौथ्या भागात गुंडाळली
आणि सीटखाली सारली, पान्यांच्या जागी.
सांगितलं नाही.
सीटला किल्ली तीच लागते, गाडीची.

रिक्षानं गेला. गाडी पोरगी उद्या नेईल.
इलाहीला एवढंच म्हणालो,
आज शटर लवकर ओढ.
आणि दारातली टरफलं
अजून कुणी झाडली नाहीत का रे?